पीसी चालू होत नाहीये? कोकणात बसून तपासायची रीत

घरी जोडलेला पीसी बटण दाबून चालू नाही झाला की घरात पहिलं वाक्य ऐकू येतं, बोर्ड (मदरबोर्ड, ज्याच्यावर बाकी सगळे पार्ट बसतात तो) उडाला. मग मुंबईच्या दुकानदाराला फोन, मग लॅमिंग्टन रोडवरनं नवीन बोर्ड मागवायची तयारी, कोण येतंय का गावाला, त्याच्याकडे पाठवा म्हणून सगळ्यांना विचारणं. आणि उघडून बघितलं की निघतं काय, रॅमच्या पट्ट्यांवर चढलेला थर नाहीतर अर्धवट बसलेली पॉवरची वायर. दापोलीपासून मालवणपर्यंत ओळखीपाळखीत बरेच पीसी बघत आलोय आणि माझं मत आता ठाम झालंय, आपल्या किनाऱ्याला पार्ट मरतो कमी आणि कॉन्टॅक्ट बिघडतो जास्त. त्यामुळे खिशात हात घालायच्या आधी ओळीनं तपासत जा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि पीसी चालू झाला तर नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि पंधरा दिवसांनी परत तेच.

कॉन्टॅक्ट का बिघडतो ते आधी समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. समुद्रावरनं येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं, ते धुळीबरोबर बोर्डवर, स्लॉटमध्ये, पंख्याच्या पात्यांवर बसत राहतं. उन्हाळ्यात कोरडं असतं तोवर फारसा त्रास नाही. पण मिठाचा गुण असा की आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळतं, आषाढात मिठाची बरणी पाझरते ना तसंच. आणि पावसाळ्यात आपल्याकडची हवा आठवडेच्या आठवडे ७५ च्या वरच असते. म्हणजे बोर्डवर खाऱ्या पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा तयार होतो, तो धातू खातो आणि नको तिथनं करंट पण सोडतो. रोज चालणाऱ्या पीसीला हा त्रास कमी कारण तो आतनं गरम होतो आणि कोरडा राहतो. जो पीसी जूनमध्ये झाकून ठेवला आणि गणपतीला उघडला, तो हमखास रुसलेला असतो.

सामान फार लागत नाही. स्टार स्क्रू ड्रायव्हर, साधा डिजिटल मल्टिमीटर, पांढरं मऊ खोडरबर, रंगाचा नवाकोरा ब्रश, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे शेवटचं मोबाईल रिपेअरवाल्याकडे आयपीए म्हणून मिळतं, ९९ टक्केवालं मागा. मेडिकलमधलं सॅनिटायझर अजिबात नको, त्यात पाणी असतं आणि बहुतेक वेळा ग्लिसरीन पण असतं, ते चिकटून बसतं.

आधी बघा नक्की काय होतंय

"चालू होत नाही" एवढ्यावर काही कळत नाही. बटण दाबल्यावर काहीच हालचाल नाही, का पंखा एक सेकंद फिरून थांबतो, का पंखे लाईट सगळं व्यवस्थित पण स्क्रीन काळी, का कंपनीचा लोगो येतो आणि विंडोज येत नाही, ह्या चारी गोष्टी वेगळ्या आणि चौघींचे रस्ते वेगळे. फोनवर कुणाला विचारायचं असेल तरी आधी हे सांगा. मालवणच्या एका काकांचा फोन आला होता, "काल चालू होतो, आज लागणा नाय", आणि बराच वेळ बोलल्यावर कळलं की पीसी व्यवस्थित चालू होता, मॉनिटरची इनपुट सेटिंग बदललेली.

काहीच हालचाल नाही

भिंतीपासून सुरुवात करा, पीसीपासून नको. त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर नको, इस्त्री नाहीतर मिक्सर लावून बघा, कारण सैल सॉकेट हलका लोड ओढतो आणि जरा जड लोड आला की सोडून देतो. एक्स्टेन्शन बोर्ड मधनं काढून टाका, डायरेक्ट भिंतीला लावा. आपल्याकडे एक्स्टेन्शनच्या आतल्या पितळी पट्ट्या काळ्या-हिरव्या पडतात आणि बाहेरनं लाल दिवा छान पेटलेला दिसतो. पॉवर कॉर्ड बदलून बघा, मॉनिटरची आणि पीसीची बहुतेक वेळा सारखीच असते, अदलाबदल करा. एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणारा डबा) मागचा स्विच, ज्याच्यावर एक रेघ आणि एक गोल असतो, तो रेघेकडे दाबलेला हवा. साफसफाई करताना तो बंद होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. फार जुना एसएमपीएस असेल तर मागे ११५/२३० असा लाल स्विच असतो, तो २३० वरच पाहिजे, ११५ वर ठेवून लावलात तर फटकन जातो.

आता बोर्डवर बघा. बऱ्याच बोर्डांवर पीसी बंद असताना पण एखादा दिवा पेटलेला असतो, तो असेल तर एसएमपीएसचा ५ व्होल्टचा स्टँडबाय येतोय. मग संशय कॅबिनेटच्या बटणावर. कॅबिनेटचं पॉवर बटण हे साधं पुश बटण, आत गंज धरला की दाबून उपयोग नाही. बोर्डच्या खालच्या कोपऱ्यात जिथे पॉवर एसडब्ल्यू लिहिलेली वायर लागलेली असते ती उपटा आणि त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं एक क्षणभर टेकवा. झाला चालू? मग बटण खराब. तात्पुरतं रिसेट बटणाची वायर पॉवरच्या पिनांना लावा आणि रिसेटनंच चालू करा, मस्त चालतं, बरेच लोक वर्षानुवर्ष तसंच वापरतात.

तरीही काही नाही तर एसएमपीएस वेगळा तपासा. पीसीचा प्लग काढा, २४ पिनचा मोठा कनेक्टर बोर्डवरनं काढा, सीपीयूची (म्हणजे बोर्डवरच्या प्रोसेसर चिपची, अख्ख्या कॅबिनेटची नाही) आणि ग्राफिक्स कार्डची पॉवर पण काढा. ह्या २४ मध्ये हिरवी वायर एकच असते, ती आणि तिच्या शेजारची कुठलीही काळी, ह्या दोघींना पेपरक्लिपनं जोडा, एखादा कॅबिनेटचा पंखा एसएमपीएसला लावून ठेवा, आणि मग प्लग लावून स्विच चालू करा. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान जिवंत आहे. नुसत्या एसएमपीएसच्या स्वतःच्या पंख्यावर जाऊ नका, नवीन बऱ्याच एसएमपीएसचा पंखा गरम झाल्याशिवाय फिरतच नाही. सगळ्या वायरी काळ्या असतील तर मॅन्युअलमधली आकृती बघूनच पिना शोधा, अंदाजानं क्लिप घालू नका.

पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला असं मात्र नाही. मल्टिमीटर डीसी वर ठेवून काळ्या वायरीच्या हिशोबानं मोजा, पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१३ ते ३.४७ ह्याच्या आत पाहिजे. पीसी चालू करताना पिवळी ११ च्या खाली जात असेल तर लोड घेत नाहीये, तो बदला. आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगतो, एसएमपीएसचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो आणि तो माणसाला चांगलाच झटका देऊ शकतो. मुंग्या गेल्या असतील, पाल जाऊन चिकटली असेल, तरी ते काम सराव असलेल्या माणसाचं. तुम्ही फक्त बाहेरनं जाळीतनं टॉर्च मारून बघा. कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलंय का तेही बघा, ती मागच्या जाळीत, रिकाम्या यूएसबी पोर्टमध्ये, कुठेही बांधते, आणि ओल्या मातीचं ते घर धातूला टेकलं की तिथेच गंज.

एक सेकंद फिरतो आणि बंद, परत फिरतो, परत बंद

इथे तीन गोष्टी आधी बघा. एक, सीपीयूची वेगळी पॉवर. बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ४ किंवा ८ पिनचं सॉकेट असतं, ती वायर पूर्ण बसली पाहिजे, खटका वाजला पाहिजे. नवीन जोडणाऱ्यांकडनं इथे ग्राफिक्स कार्डची ६+२ वाली वायर जोर लावून बसवायचा प्रयत्न होतो, ती ह्या जागेची नाही, सीपीयूची वायर ४+४ अशी सुटते. दोन, कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांच्यावर टेकून स्क्रूनं बसतो ते छोटे खांब. बोर्डला जिथे भोक नाही तिथे स्टँडऑफ राहिला असेल तर तो मागनं सोल्डरला टेकतो आणि शॉर्ट होतं. तीन, कुठेतरी पडलेला स्क्रू.

ह्या तिन्हींची एकदम खात्री करायची तर बोर्ड बाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. वर फक्त सीपीयू, कूलर, एक रॅम, एवढंच. ग्राफिक्स कार्ड नाही, एसएसडी (विंडोज असते ती ड्राइव्ह) नाही, यूएसबी नाही. सीपीयूला स्वतःचा डिस्प्ले, म्हणजे कार्डाशिवाय स्क्रीनवर चित्र द्यायची सोय, नसेल तरच ग्राफिक्स कार्ड लावा. आता पिनांना स्क्रू ड्रायव्हर टेकवा. खोक्यावर चालला आणि कॅबिनेटमध्ये चालत नाही, तर दोष कॅबिनेटमध्ये. खोक्यावरही तेच, तर दोष एसएमपीएस, बोर्ड, सीपीयू, रॅम ह्या चौघांतच, म्हणजे निम्मं काम झालं. बोर्डखाली चांदीसारखी दिसणारी अँटिस्टॅटिक पिशवी घालू नका, त्या पिशवीच्या बाहेरच्या बाजूनं करंट वाहू शकतो. नुसता पुठ्ठा चांगला, आणि तो कोरडा पाहिजे. पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेला पुठ्ठा दमट असतो, आधी पंख्याखाली ठेवा.

अर्धा-एक मिनिट चालून बंद पडत असेल तर ते वेगळं, तिथे कूलर बघा. इंटेलच्या खोक्यातल्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्यातली एक जरी बोर्डच्या मागे नीट फाकली नसेल तर कूलर एका बाजूनं उचललेला राहतो, सीपीयू झटक्यात शंभर डिग्रीपाशी जातो आणि स्वतःला वाचवायला बंद होतो. बोर्ड उलटा करून चारी खुंट्या मागनं बघा. नवीन कूलर असेल तर खालची प्लास्टिकची फिल्म काढलीये का तेही.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

आपल्याकडचे सगळ्यात जास्त पीसी इथे अडकतात, म्हणून हे जरा सावकाश वाचा.

आधी केबल. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डलाच लागली पाहिजे, बोर्डला नाही. आणि उलटं पण, तुमच्या सीपीयूला स्वतःचा डिस्प्ले आहे का ते माहिती करून घ्या. इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल, म्हणजे आय५-१२४००एफ वगैरे, तर त्यात डिस्प्ले नाही. रायझन ५ ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे. डिस्प्ले नसलेला सीपीयू घेऊन कार्डाशिवाय पीसी चालू करायला बसलात तर रात्र जाईल आणि काही दिसायचं नाही.

नवीनच जोडला असेल आणि डीडीआर५ रॅम असेल तर धीर धरा. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात, त्यात काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, एएमडीच्या एएम५ बोर्डांवर तर हे नेहमीचंच. दहा-पंधरा मिनिटं हात न लावता सोडा. मध्येच घाबरून बंद केलंत तर ते परत पहिल्यापासून सुरू.

मग बोर्डवरचे दिवे वाचा. बऱ्याच नवीन बोर्डांवर चार बारीक दिवे असतात, शेजारी सीपीयू, डीआरएएम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट असं लिहिलेलं. जो पेटून राहिला तिथे अडकलंय. दिवे नसतील तर छोटा बझर मिळतो, तो स्पीकरच्या पिनांना लावा आणि बीप मोजा, कुठल्या बीपचा काय अर्थ ते बोर्डच्या मॅन्युअलमध्ये असतं, प्रत्येक कंपनीचं वेगळं.

डीआरएएम पेटला तर रॅम काढा. प्लग काढून, बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या, मग दोन्ही बाजूच्या खटक्या दाबा आणि रॅम सरळ वर घ्या. आता ती उजेडात तिरकी धरून सोनेरी पट्ट्या बघा. चांगली पट्टी आरशासारखी चमकते. आपल्याकडची रॅम वर्ष-दोन वर्ष समुद्राजवळ राहिलेली असेल तर काही पट्ट्यांवर धुरकट पांढुरका डाग दिसतो, कधी कडेला हिरवट ठिपका, आणि बहुतेक वेळा एका टोकाच्याच पट्ट्या जास्त खराब असतात कारण त्या बाजूनं पंखा हवा ओढत असतो. मऊ पांढरं खोडरबर घ्या, पट्टीच्या लांबीच्या दिशेनं, वरनं खाली, हलक्या हातानं दोन-चार वेळा फिरवा. आडवं घासू नका आणि खरखरीत निळं खोडरबर नको, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. रबराचा चुरा ब्रशनं झटका, मग कापडाला आयपीए लावून पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. स्लॉटमध्ये मात्र रबर नाही, कापूस नाही, फक्त कोरडा ब्रश, आणि फार खराब असेल तर इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर. गंजाचा स्प्रे म्हणून हार्डवेअरच्या दुकानात जो तेलकट मिळतो तो मारू नका, त्याचा चिकटा राहतो आणि त्याच्यावर अजून धूळ आणि मीठ बसतं.

परत लावताना एकच रॅम लावा. चार स्लॉट असतील तर सीपीयूपासून दुसरा. नाही चालली तर तीच रॅम दुसऱ्या स्लॉटात. नाही तर दुसरी रॅम ह्या स्लॉटात. म्हणजे रॅम वाईट का स्लॉट वाईट ते वेगळं कळतं. दोन रॅम लावायच्या तर सीपीयूपासून दुसरा आणि चौथा स्लॉट. आणि बसवताना दोन्ही टोकं दाबून खटका ऐका, एका बाजूलाच खटकी असलेल्या बोर्डात दुसरं टोक उचललेलं राहतं आणि वरनं बघितलं तर बसल्यासारखं दिसतं.

रॅमनं भागलं नाही तर बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा बोर्डचा स्वतःचा प्रोग्राम, रिसेट करा. प्लग काढा, बोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी काढा, क्लिअर सीमॉसच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरनं दहा सेकंद टेकवा. बॅटरी मल्टिमीटरवर मोजा, नवी ३ च्या वर दाखवते, २.७ च्या खाली असेल तर सरळ बदला, किराणा दुकानात पण मिळते. बॅटरीच्या खालची पत्र्याची जीभ बघा, आपल्याकडे ती काळी पडते, आयपीएनं पुसा. रोज घड्याळ मागे पडत असेल तर तो ह्या बॅटरीचाच इशारा.

सीपीयू नवीन आणि बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर आणखी एक शक्यता, बायोसच जुना. बी४५० बोर्डावर रायझन ५००० टाकला, बी६६० वर इंटेलची १३ वी पिढी टाकली, तर बोर्डाला तो सीपीयू ओळखूच येत नाही. बोर्डच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर नशीब चांगलं, एफएटी३२ फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवर कंपनीच्या साइटवरची फाईल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या नावानं टाकायची आणि सीपीयूशिवाय पण अपडेट होतं. पण हे काम आकाशात गडगडत असताना करू नका, मध्येच लाईट गेली तर बोर्ड खरंच अडकतो. यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर लावून करा.

व्हीजीए पेटला तर कार्ड काढून त्याच्या पण पट्ट्या तशाच पुसा, त्याची ६ किंवा ८ पिनची पॉवर दाबून बसवा.

आणि पीसी मुंबईहून गावाला आणला असेल, गणपतीला नाहीतर मे महिन्यात, तर उघडल्याशिवाय लावूच नका. मुंबई-गोवा हायवेवर गाडीच्या डिकीत उभा ठेवून आणलेल्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड स्वतःच्या वजनानं स्लॉटमधनं सुटतं, कूलरची एखादी खुंटी निघते. येताना कार्ड काढून वेगळं आणा आणि कॅबिनेट आडवं ठेवा, बोर्ड खाली येईल असं.

अर्थिंग आणि लाईट

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? त्याला "थोडासा करंट येतो, चालतं" म्हणून सोडू नका. एसएमपीएसमध्ये विजेतला नॉइज गाळायला बारीक कपॅसिटर असतात, ते कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात, अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज, म्हणजे शंभर-सव्वाशेच्या आसपास मीटरवर दिसतं. करंट अगदी बारीक असतो पण यूएसबी लावताना, एचडीएमआय लावताना पोर्टला तो बसतो. मल्टिमीटर एसी वर ठेवून सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा, दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. आणि फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळ दाखवलं पाहिजे, तिथे कमी दाखवत असेल तर अर्थ नुसतं नावाला आहे. हे मोजताना मीटरच्या पिनांची उघडी टोकं धरायची नाहीत, आणि सवय नसेल तर वायरमनला बोलवा.

आपल्या जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग मुळातच अवघड. उन्हाळ्यात कातळ कोरडा ठणठणीत होतो आणि पावसाळ्यात चाललेली अर्थिंग एप्रिलमध्ये मरते. खड्डा कोळसा-मीठ घालून नीट केलेला हवा आणि मार्चपासून त्यात पाणी ओतत राहायला हवं. घराची आगोटीची कामं काढता तेव्हा ह्या खड्ड्याकडे पण बघा, वायरीचा नटबोल्ट गंजून सुटलेला असतो.

संध्याकाळी वाडीत सगळ्यांचे पंप, पंखे, टीव्ही चालू झाले की व्होल्टेज खाली येतं, आणि सकाळी चालणारा पीसी आठ वाजता चालू होत नाही. अशी वेळेची तक्रार असेल तर पार्टकडे बघूच नका, आधी सॉकेटला मोजा. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर मागचा स्विच यूपीएस मोडला ठेवा, नॉर्मलला ठेवलात तर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो आणि चांगला एसएमपीएस पण पूर्ण लोडवर साधारण १६ मिलीसेकंदच तग धरतो, मग पीसी रिस्टार्ट. स्क्वेअर वेव्हवाला जुना इन्व्हर्टर असेल तर नव्या अॅक्टिव्ह पीएफसी एसएमपीएसचं त्याच्याशी जमत नाही, साइनवेव्ह पाहिजे.

वादळानंतर घाई करू नका. ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा रायगड-दापोलीकडे कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, पुढच्या मेमध्ये तौक्ते. एवढ्या मोडतोडीनंतर लाईट परत येते तेव्हा कुठे न्यूट्रल तुटलेला राहिला तर २३० च्या जागी घरात ३०० च्या वर, अगदी ४०० पर्यंत येऊ शकतं. पहिल्यांदा साधा बल्ब लावा, मोजा, तासभर बघा, मग पीसी. आणि वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा चमकायला लागल्या की फक्त पॉवरचा प्लग काढून भागत नाही, राउटरकडनं येणारी लॅनची वायर पण काढा. फायबर काचेची असली तरी राउटरचा अॅडाप्टर लाईटलाच लागलेला असतो आणि तिथनं तांब्याच्या लॅन वायरीतनं झटका थेट बोर्डात शिरतो. विजेनंतर पीसी चालू झाला पण लॅन मेलं, किंवा लॅन पोर्टजवळची चिप पेटल्यासारखी गरम लागते, तर बोर्डाला मात्र खरंच मार बसलाय.

पाणी गेलं असेल तर

गळक्या कौलातनं थेंब पडले असोत की पुराचं पाणी, चालू करून बघायचा मोह आवरा. प्लग काढा, सीमॉस बॅटरी (तीच सीआर२०३२) लगेच काढा, कारण तिच्या ३ व्होल्टवरच ओल्या बोर्डाची गंजायला सुरुवात होते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पुराचा चिखल घराघरात शिरला, तसा चिखल गेला असेल तर तो बोर्डवर वाळू देऊ नका. बोर्ड स्वच्छ गोड्या पाण्यानं, जमल्यास बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, मग आयपीएनं, मग पंख्याखाली तीन-चार दिवस. हेअर ड्रायर गरम करून मारू नका. बुडालेला एसएमपीएस मात्र परत वापरू नका, कितीही वाळवला तरी.

लोगो येतो पण विंडोज येत नाही

इथवर आलात म्हणजे बोर्ड, सीपीयू, रॅम बहुतेक ठीक. बायोसमध्ये जाऊन बघा एसएसडी दिसते का. नाही दिसत तर साटाची केबल (एसएसडी बोर्डाला जोडणारी) बदला, एम डॉट २ (थेट बोर्डवर बसणारी एसएसडी) असेल तर स्क्रू काढून परत बसवा, पट्ट्या पुसा. बऱ्याच बोर्डात एम डॉट २ चा स्लॉट भरला की एखाद-दुसरा साटा पोर्ट आपोआप बंद होतो, मॅन्युअल बघा. एसएसडी दिसतेय पण बूट होत नाही तर बूट ऑर्डर बघा, सगळे पेन ड्राइव्ह काढा. बायोस रिसेट केल्यानंतर निळा स्क्रीन येऊन इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणत असेल तर साटा मोड (बोर्ड ड्राइव्हशी कसा बोलतो ती बायोसमधली सेटिंग) आधी होता तसा करा, एएचसीआय का रेड, इंटेलमध्ये व्हीएमडी. विंडोज फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा, फॉरमॅट मारायची गरज बहुतेक वेळा नसते. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला घातलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये सापडते, ती आधीच वहीत लिहून ठेवा.

मधूनच निळा स्क्रीन येत असेल तर बायोसमधला एक्सएमपी (रॅम जास्त वेगानं चालवायची सेटिंग) बंद करा आणि मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तरी ती रॅम गेली समजा, पण आधी परत एकदा पट्ट्या पुसून टेस्ट घ्या.

रोजची काळजी

पावसाळ्यात रोज तासभर पीसी चालू ठेवा, काम असो नसो. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत दमट हवा कोंडते, जुनं सुती धोतर किंवा साडीचा तुकडा टाका आणि चालू करताना काढा. खिडकीपासून लांब, भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीवर नको. गावाला कुणी नसेल तर रॅम आणि कार्ड काढून सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा.

पार्ट खरंच गेला असेल तर

गेला हे ठरवायचं ते दुसऱ्या चालू पीसीत लावून, दुसरा उपाय नाही. वाडीत, शाळेत, सायबर कॅफेत कुणाकडे तरी जुळणारा पीसी असतो. रॅम, कार्ड, एसएसडी दुसरीकडे लावून बघायला काही भीती नाही. संशयाचा एसएमपीएस मात्र दुसऱ्याच्या पीसीला लावू नका, त्यांचा चांगला एसएमपीएस तुमच्या पीसीला लावा.

वॉरंटीत पाठवताना बिल, सिरीयल नंबरचा फोटो आणि बोर्डचे चारी बाजूंनी उजेडात काढलेले फोटो जवळ ठेवा. गंज दिसला तर बऱ्याच कंपन्या वॉरंटी नाकारतात, म्हणून पाठवायच्या आधी ब्रश आणि आयपीएनं बोर्ड स्वच्छ करा. आणि सीपीयू काढल्यावर सॉकेटवर ते काळं प्लास्टिकचं झाकण परत बसवायला विसरू नका, इंटेलच्या बोर्डात सगळ्या पिना सॉकेटमध्येच असतात, कुरिअरमध्ये त्यातली एक जरी वाकली तरी बोर्ड तसाच परत येतो. झाकण हरवलं असेल तर दुकानदाराकडे मागा, त्याच्याकडे ढीगभर पडलेली असतात.